पाहुण्याची भाकरी आणि लॅपटॉपचा ताप

मे महिन्यातली दुपार. माझी भाची लॅपटॉप मांडीवर घेऊन गेम खेळत बसली होती. थोड्या वेळाने लॅपटॉपच्या आतला पंखा घूंऽऽ करायला लागला आणि ती एकदम ओरडली, "मावशी, चटका बसतोय!"

मी तापमान दाखवणारा छोटा प्रोग्रॅम उघडला. आकडा शंभराच्या जवळ घुटमळत होता. शंभर अंश सेल्सिअस! पाणी उकळतं तेवढं! बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरची सहनशक्ती साधारण इथपर्यंतच असते. त्यापुढे तो जळू नये म्हणून आपणहून मंद होतो. उन्हात पळताना धाप लागली की तुम्ही चालायला लागता ना, तसंच. म्हणून तिचा गेम मध्येच अडखळत होता.

मी म्हटलं, "आपण ह्याला थोडं कमी जेवायला घालू."

"कमी? मग तर तो आणखीच हळू चालेल!"

अगदी बरोबर शंका. तुम्हालाही तीच आली असेल. गंमत अशी, की जेवण थोडं कमी केलं की तो बऱ्याचदा जास्त जोरात पळतो. ह्या युक्तीला अंडरव्होल्टिंग म्हणतात.

प्रोसेसरचं जेवण म्हणजे वीज. टीव्हीच्या रिमोटमधला एक पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा असतो. लॅपटॉपमधल्या ह्या हुशार तुकड्याला तेवढेही लागत नाहीत, त्याचं काम १ व्होल्टच्या आसपास भागतं. पण वीज मात्र तो धो धो पितो. ६५ वॉटचा प्रोसेसर १.१ व्होल्टवर चालत असेल, तर त्यातून जवळजवळ ६० अँपिअर वीज वाहते. न्हाणीघरातला २००० वॉटचा गीझरसुद्धा ९ अँपिअरच्या पुढे जात नाही! दाब इवलासा आणि लोंढा एवढा मोठा. पहिल्यांदा हा हिशेब केला, तेव्हा मी तो तीनदा तपासून पाहिला होता.

ह्या विजेचं होतं काय? प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टर नावाची अब्जावधी बटणं असतात. एखादी जागा '०' ची '१' झाली, म्हणजे विजेची एक चिमुकली बादली भरली. '१' ची '०' झाली, म्हणजे ती ओतून दिली. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर जातो, तुमच्या पेन्सिलीपेक्षाही कमी. आणि प्रत्येक ठोक्याला कितीतरी बादल्या भरतात आणि रिकाम्या होतात. ओतून दिलेल्या विजेची होते उष्णता. तोच तो मांडीला बसणारा चटका.

व्होल्टेज म्हणजे बादली किती उंचीपर्यंत भरायची, ते. उंची वाढवली की पाणी जास्त लागतं, हे झालं एक. आणि ते जास्त उंच चढवावंही लागतं, हे दुसरं. कष्ट दोन्हीकडून वाढतात, म्हणून इथे वर्गाचा हिशेब चालतो. दहाचा वर्ग १०० आणि नऊचा वर्ग ८१. म्हणजे व्होल्टेज दहावरून नऊवर आणलं, फक्त दहावा हिस्सा काढून घेतला, तर बादल्यांचे कष्ट १०० वरून ८१ वर येतात. कमी केले दहा टक्के आणि वाचले एकोणीस! ठोके तेवढेच, काम तेवढंच, ताप मात्र कमी. आणि ताप कमी म्हणजे धाप लागून मंद होण्याची वेळच येत नाही. म्हणून तो जास्त पळतो.

मग कारखान्यातच कमी व्होल्टेज का ठरवून देत नाहीत?

आमच्याकडे आई रोज एक भाकरी जास्त थापायची. अवचित कोणी पाहुणा आला तर उपाशी जाऊ नये म्हणून. बहुतेक दिवशी पाहुणा यायचा नाही, पण भाकरी थापली जायचीच. प्रोसेसर बनवणारेही असंच करतात. एका झाडाचे आंबे कसे सारखे नसतात? तसे एकाच सिलिकॉनच्या चकतीतून कापलेले तुकडेही सारखे निघत नाहीत. एखादा थोड्या व्होल्टेजवर खूश, तर दुसऱ्याला जरा जास्त हवं. आपल्या वाट्याला कुठला येईल, ते नशिबावर. कॉम्प्युटरवेडे लोक ह्याला 'सिलिकॉन लॉटरी' म्हणतात. शिवाय उन्हाळा आहे, तुकडा म्हातारा होणार आहे. आणि घरात मिक्सर लावला की दिवा क्षणभर मिणमिणतो ना, तसंच प्रोसेसरवर एकदम काम पडलं की व्होल्टेज पटकन खाली बसतं. ह्या सगळ्या पाहुण्यांसाठी थोडं व्होल्टेज जास्तीचं दिलेलं असतं. तुमचा तुकडा गुणी निघाला, तर त्यातलं बरंचसं रोज नुसतं तापण्यात जातं.

व्होल्टेज कमी करण्याची धडपड तशी जुनी आहे. इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर १९७१ साली आला. त्यात जेमतेम २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याला लागायचे तब्बल १५ व्होल्ट. ॲपलच्या २०२० सालच्या एम१ मध्ये ट्रान्झिस्टर आहेत १,६०० कोटी. त्यांना जर १५ व्होल्टच द्यावे लागले असते तर? पंधराचा वर्ग २२५. म्हणजे १ व्होल्टच्या मानाने प्रत्येक बादलीमागे २२५ पट कष्ट! असा लॅपटॉप मांडीवर काय, टेबलावरही ठेवता आला नसता.

१९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी एक सुंदर नियम मांडला: ट्रान्झिस्टर लहान करत जा, त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवत जा, मग तेवढ्याच जागेत कितीही बटणं कोंबली तरी ताप वाढणार नाही. तीसेक वर्षं हा नियम छान चालला. २००५ च्या सुमारास मात्र गाडी अडली. व्होल्टेज फार उतरवायचं तर बटणही अगदी हलकं करावं लागतं. मग ते पुरतं बंदच होत नाही, जुनाट नळासारखं गळत राहतं. इंटेलच्या प्रोसेसरने २००२ मध्येच ३ गिगाहर्ट्झ गाठले होते. वीस वर्षांनंतरही आपण ६ च्या आसपासच आहोत, त्यामागे हेच मोठं कारण आहे. म्हणून आता व्होल्टचा हजारावा भाग, म्हणजे एकेक मिलिव्होल्टसुद्धा मोलाचा वाटतो.

आम्ही दोघी कामाला लागलो. दहा मिलिव्होल्ट कमी करायचे आणि परीक्षा घ्यायची. परीक्षेसाठी प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम वापरला. तो मुळात लिहिला प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायला. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर असा शोध घेतायत. त्यात एवढे अवाढव्य गुणाकार असतात की प्रोसेसरला घाम फुटतो, आणि एखादा गुणाकार चुकला तर प्रोग्रॅम लगेच सांगतो.

पण गुणाकार चुकेलच कसा? व्होल्टेज कमी झालं की बटणं जरा आळसावतात. तुम्ही मोठा गुणाकार करता तेव्हा हातचा एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेता ना? प्रोसेसरमध्येही गुणाकाराची वाट अशीच लांबलचक असते. हातचा शेवटच्या घरात पोचायच्या आधीच पुढचा ठोका पडला, तर उत्तर चुकीचं.

ह्याच चुकीचा उपयोग चोरही करू शकतो. २०१९ साली बर्मिंगहॅम, ग्रात्स आणि ल्युव्हेनच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी हे करून दाखवलं. त्यांनी इंटेलच्या प्रोसेसरचं व्होल्टेज नेमक्या क्षणी खाली ओढलं, आत कुलपात चाललेलं गणित चुकवलं आणि त्या चुकलेल्या उत्तरावरून गुप्त किल्ली शोधून काढली! हल्ल्याला नाव दिलं प्लंडरव्होल्ट. मग इंटेलने सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज बदलण्याची सोय बंद करता येईल असा बदल पाठवला. म्हणून कित्येक लॅपटॉपवर आता ही युक्ती करताच येत नाही. मला त्याची हळहळ वाटते, पण त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

आमच्या जुन्या लॅपटॉपवर ती सोय शिल्लक होती. दहा, वीस, तीस... प्राइम९५ निवांत होता. पुढे एकदा मात्र लॅपटॉप गप्पकन थांबला, निळा पडदा आला आणि भाचीचा चेहरा पांढरा पडला. "मोडला?" मी म्हटलं, "नाही गं. व्होल्टेज कमी पडलं म्हणून प्रोसेसर जळत नाही, नुसता गोंधळतो. जळतो तो जास्त झालं तर." जतन न केलेलं काम मात्र अशा वेळी जातं. म्हणून आम्ही आधीच सगळं बंद करून बसलो होतो. घरात कोणी हे करत असेल तर शेजारी बसून बघा, एकट्याने नको.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि दोन पायऱ्या मागे आलो.

"एकच पायरी मागे येऊ ना," ती म्हणाली. "तिथे तर चुकला नव्हता."

"उद्या ऊन आणखी वाढलं तर?"

तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे पाहुण्यासाठी चतकोर भाकरी ठेवायची?"

"चतकोर ठेवायची."

तिने गेम सुरू केला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आकडा नव्वदीच्या खालीच राहिला, आणि लॅपटॉप मांडीवरच होता.