आचके थांबले, पण कान वाचला का?

बाईचा डावा डोळा लवला तर शुभ, पुरुषाचा उजवा, हा आपला जुना हिशेब. पण तोच डोळा महिनोन्‌महिने लवत राहिला, आचके गालावर उतरले, ओठाचा कोपरा ओढला जाऊ लागला, झोपेतही चैन पडेना, तर तो शकुन नव्हे, हेमिफेशियल स्पॅझम. बहुधा चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो, बायकांत जास्त. या आजाराने जीव जात नाही. म्हणूनच त्यावरच्या शस्त्रक्रियेची परीक्षा अवघड असते: न मारणाऱ्या दुखण्यासाठी मेंदूच्या देठाशी हात घालायचा, तर जोखीम किती पत्करायची?

कारणाचा पहिला धागा १८७५मध्ये शुल्त्झे यांना शवविच्छेदनात सापडला. व्हर्टिब्रल धमनीला आलेला फुगा चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाबत होता. तरी पुढे कित्येक वर्षं त्या मज्जातंतूच्या फांद्या तोडण्याचाच इलाज होत असे. आचके जात, चेहरा लुळा पडे. क्लीव्हलंडच्या गार्डनर यांनी १९६२मध्ये हा विकार परतवता येतो असं मांडलं. १९६६मध्ये पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाबणारी रक्तवाहिनी बाजूला केली. पुढे पिट्सबर्गमधून हीच शस्त्रक्रिया मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन या नावाने जगभर रूढ झाली.

कानामागे दोन-तीन सेंटिमीटरची खिडकी पाडतात. मेंदूभोवतीचं पाणी सावकाश वाहू दिलं की लहान मेंदू आपणच मागे सरतो. मज्जातंतू देठातून निघतो, नेमकं तिथे पाहायचं. वायरीचं आवरण झिजून प्रवाह शेजारच्या तारेत शिरावा, तसं इथे धमनीच्या ठोक्यांनी होतं, असं एक मत आहे. दुसरं मत मेंदूतल्या केंद्राच्या चिडचिडेपणाला दोष देतं. धमनी अलगद उचलून टेफ्लॉनचा पुंजका मध्ये ठेवतात. मज्जातंतू कापायचा नसतो. जाड व्हर्टिब्रल धमनीपुढे मात्र पुंजका पुरत नाही. तिला पट्टीने ओढून बाजूला बांधावं लागतं.

खरी कसोटी शेजारच्या, ऐकण्याच्या मज्जातंतूची. लहान मेंदू बाजूने ओढला तर हा मज्जातंतू ताणला जातो, म्हणून खालच्या अंगाने शिरण्याची पद्धत पडली. शस्त्रक्रियाभर रुग्णाच्या कानात टकटक वाजवून मेंदूच्या लहरी पाहतात. पाचवी लहर लांबली किंवा निम्मी झाली की सर्जनने हात थांबवायचा. चेहऱ्याची एक फांदी चेतवल्यावर दुसऱ्या फांदीच्या स्नायूत उमटणारा प्रतिसाद धमनी सुटताच बहुधा नाहीसा होतो. ही खूण मोलर आणि जॅनेटा यांनी १९८०च्या दशकात वापरात आणली.

पिट्सबर्गच्या ७८२ शस्त्रक्रियांचा आढावा १९९५मध्ये छापून आला. दहा वर्षांनंतर ८४ टक्के रुग्ण उत्तम होते, ७ टक्क्यांना अंशतः आराम होता. पहिल्याच शस्त्रक्रियेत २.६ टक्क्यांचा त्या बाजूचा कान गेला, ०.९ टक्क्यांचा चेहरा कायमचा लुळा झाला. एक मृत्यूही झाला. काहींचे आचके लगेच जात नाहीत, महिने लागतात. त्यामुळे पुन्हा शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत, वर्षभर वाट पाहतात.

बोटॉक्सचं इंजेक्शन सोपं, पण तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं, आणि धमनी जिथल्या तिथे राहते. वय झालेल्याला, भूल न सोसणाऱ्याला तेच बरं. धडधाकट माणसाने शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा. मात्र सर्जनला दोन आकडे विचारावेत: तुमच्या किती रुग्णांचे आचके थांबले, आणि त्यांतल्या कितींना आधीसारखं ऐकू येतं? पहिला आकडा बहुतेक जण आपणहून सांगतात. निवड दुसऱ्यावर करावी.