'फॅरिन्जायटिस' : शब्दाचा अर्थ व शाळेतील उपयोग

पाचवीतील एखादा विद्यार्थी चार दिवसांच्या गैरहजेरीनंतर शाळेत येतो. त्याच्याजवळ दवाखान्याची चिठ्ठी असते व तीवर 'अॅक्यूट फॅरिन्जायटिस' असे लिहिलेले असते. शब्द अवघड, म्हणून दुखणे मोठे असावे, असे कोणी समजतो. 'घसाच दुखत होता ना' असे म्हणून दुसरा ती चिठ्ठी बाजूस ठेवतो. हे दोन्ही समज अपुरे होत. शब्दाचा नेमका अर्थ कळल्यास तो शिक्षकाच्या चांगल्या उपयोगी पडतो.

प्रथम शब्दाची फोड पाहू. 'फॅरिंक्स' म्हणजे नाक व तोंड यांच्या मागील बाजूस असलेला घशाचा भाग. अन्न आणि हवा या दोहोंची वाट येथूनच जाते. मराठीत या भागास 'ग्रसनी' म्हणतात. गिळणे या अर्थाच्या 'ग्रस्' धातूपासून तो शब्द बनला आहे. 'आयटिस' हा प्रत्यय ज्या अवयवाच्या नावास लागतो, त्या अवयवाचा दाह झाला आहे असे समजावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे सांगितली आहेत : लाली, सूज, उष्णता व वेदना. मराठीत 'ग्रसनीशोथ' व 'ग्रसनीदाह' असे दोन्ही शब्द वापरतात. पहिल्यात सूज, तर दुसऱ्यात उष्णता सूचित होते.

ही किल्ली हाती आली की इतर शब्दही उलगडतात. टॉन्सिल या घशातील गाठींचा दाह तो टॉन्सिलायटिस. स्वरयंत्राचा दाह तो लॅरिन्जायटिस; यात आवाज बसतो व मोठ्याने बोलून शिकविणाऱ्या शिक्षकांना त्याची ओळख असतेच. 'अॅक्यूट' या शब्दाने मात्र पुष्कळांची फसगत होते. त्याचे भाषांतर 'तीव्र' असे केले जाते. परंतु वैद्यकात त्याचा मुख्य अर्थ अचानक उद्भवलेला व थोड्या काळाचा असा आहे. दुखणे भयंकर आहे, असे त्यावरून ठरत नाही.

यापुढील गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 'फॅरिन्जायटिस' हा शब्द दुखण्याची जागा व तेथील स्थिती सांगतो. कारण सांगत नाही. बहुतेक वेळा हे दुखणे विषाणूंमुळे होते. त्यासोबत सर्दी, खोकला, आवाज बसणे ही लक्षणे असतात आणि आठवड्याभरात ते आपोआप बरे होते. अशा दुखण्यावर पेनिसिलिनसारख्या औषधांचा उपयोग होत नाही. परंतु काही मुलांत ते स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूंमुळे होते. 5 ते 15 वर्षे वयाच्या, म्हणजे शाळेच्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण अधिक आढळते. एकाएकी ताप येणे, गिळताना फार दुखणे, जबड्याखालील गाठी सुजून दुखणे व खोकला नसणे, अशी त्याची चिन्हे होत. तथापि केवळ पाहून खात्री होत नाही. ती डॉक्टरांच्या तपासणीनेच करावी लागते.

हा भेद जाणण्याचे कारण असे. जिवाणूंमुळे झालेल्या घशाच्या दाहावर योग्य उपचार न झाल्यास काही मुलांना साधारण दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. कधी गुडघा, कधी घोटा, कधी कोपर असे सांधे एकामागून एक सुजतात. सांधे पुढे बरे होतात. परंतु याच तापात हृदयाच्या झडपांना इजा पोहोचू शकते व ती जन्मभर राहू शकते. घशाच्या दुखण्यावर वेळीच पेनिसिलिन मिळाल्यास हे संकट टळते. गोळ्या सामान्यतः दहा दिवसांच्या असतात. दोन दिवसांत घसा मोकळा होतो व घरची माणसे औषध थांबवितात. चूक येथेच होते. 'बरे वाटले तरी औषध पुरे करावे' हे पालकांस सांगण्याचे काम शिक्षक सहज करू शकतात.

घटसर्पाची आठवणही ठेवली पाहिजे. त्यात घशात करड्या रंगाचा पडदा धरतो व मान सुजते. लसीकरणामुळे हा रोग कमी झाला असला तरी नाहीसा झालेला नाही. पाच-सहा वर्षांच्या वयातील वर्धक मात्रा पहिलीत येणाऱ्या मुलास मिळाली आहे किंवा नाही, हे पाहावे. श्वासास त्रास होणे, लाळही न गिळता येणे, मान सुजणे, यांपैकी काहीही दिसल्यास मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे. त्याच्या घशात चमचा किंवा बोट घालून पाहू नये. काही घरी पडजीभ पडली असे समजून ती बोटाने वर दाबतात. ती रीतही सोडून द्यावी.

शाळेत माठातील पाणी ओगराळ्याने घ्यावे व एकाचे उष्टे भांडे दुसऱ्याने वापरू नये. ताप असलेल्या मुलास घरी विश्रांती घेऊ द्यावी. जिवाणूंचा दाह असल्यास औषध सुरू होऊन किमान एक दिवस लोटल्यावर व ताप उतरल्यावरच त्यास वर्गात बसवावे.

आता त्या चिठ्ठीकडे पुन्हा वळू. शिक्षकांनी रोगनिदान करावयाचे नाही. जे दिसले व जे लिहून आले ते नोंदवावयाचे आहे. हजेरीपटात नुसते 'आजारी' असते. त्याऐवजी आरोग्याच्या वहीत तारीख, चिठ्ठीवरील शब्द, ताप होता की नाही व औषध किती दिवसांचे होते, एवढे लिहावे. तीन आठवड्यांनी तोच मुलगा गुडघा दुखतो म्हणून खो-खोच्या डावातून बाहेर बसला, तर तो पडला असेल असे कोणासही वाटेल. वहीत नोंद असल्यास शिक्षक त्यास लंगडताना पाहून घशाचे दुखणे आठवतील व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवितील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. त्यातील तपासणीच्या आजारांत संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकारही आहे. तपासणीस येणाऱ्या पथकासमोर ही वही अवश्य ठेवावी. पथक क्वचितच येते. शिक्षक मुलास रोज पाहतात. एका अवघड शब्दाची तारखेसह केलेली नोंद एखाद्या मुलाचे हृदय वाचवू शकेल.