वजनकाट्यावर न दिसणारा धोका

२०१०च्या फेब्रुवारीत दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं जुनं सामान लिलावात निघालं. त्यात 'गॅमासेल २२०' नावाचं एक अवजड यंत्र होतं. १९६८ साली कॅनडाहून आणलेलं हे यंत्र १९८५पासून नुसतं पडून होतं. पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार व्यापाऱ्यांनी ते विकत घेतलं. यंत्राला शिशाचं जाडजूड कवच होतं आणि भंगारात शिशाला लोखंडापेक्षा चांगला भाव मिळतो. मजुरांनी कवच फोडलं. आतून पेन्सिलीएवढ्या धातूच्या नळ्या निघाल्या. काही नळ्या कापल्या गेल्या, त्यांचे तुकडे बाजारातल्या वेगवेगळ्या दुकानांत पोचले. एका दुकानदाराने तर त्यातला एक तुकडा पाकिटात ठेवला आणि पाकीट पँटच्या मागच्या खिशात.

त्या नळ्यांमध्ये कोबाल्ट-६० होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला भंगाराच्या दुकानाचा मालक रुग्णालयात दाखल झाला. त्याची कातडी काळवंडली होती, केस गळत होते. ही लक्षणं किरणोत्सर्गाची असू शकतात हे डॉक्टरांनी ओळखलं आणि मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं. मंडळाची आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं मापकयंत्रं घेऊन मायापुरीच्या गल्ल्यांत उतरली. लोखंडाच्या ढिगाऱ्यांतून एकेक तुकडा शोधून शिशाच्या डब्यांत बंद केला गेला. सात-आठ जणांना किरणोत्सर्गाची गंभीर बाधा झाली होती. त्यातला एक पस्तिशीतला मजूर वाचला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या अपघाताची नोंद चौथ्या पातळीवर झाली.

कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं आहे. म्हणजे दर सव्वापाच वर्षांनी त्याची तीव्रता निम्मी होते. १९६८ ते २०१० या बेचाळीस वर्षांत ती आठ वेळा निम्मी झाली, मूळच्या अडीचशेव्या हिश्श्याच्या आसपास आली. तरीही उरलेली मात्रा माणसाचा जीव घ्यायला पुरली. इतकी वर्षं तिला अडवून धरणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे शिशाचं कवच. आणि त्या यंत्राच्या भंगारात सगळ्यात मोलाचं होतं तेही नेमकं तेच.

भंगाराच्या धंद्यात धोके काही कमी नाहीत. बंद डब्यातला वायू, बॅटरीतलं आम्ल, केबल जाळताना निघणारा धूर, हे सगळं तिथल्या माणसाला ठाऊक असतं. या धोक्यांना वास असतो, चटका असतो, निदान डोळ्यांत पाणी तरी येतं. गॅमा किरणांना यातलं काहीच नसतं. ते शरीरातून आरपार जातात आणि जाता जाता पेशींमधला डीएनए तोडतात. ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांना सगळ्यात आधी फटका बसतो: अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं. मोठी मात्रा मिळाली तर काही तासांत उलट्या सुरू होतात. मग त्या थांबतात, माणसाला बरं वाटू लागतं. पुढे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. मधल्या काळात रोगी आणि डॉक्टर दोघांनाही उलट्यांचं कारण बाहेरचं खाणं वाटू शकतं.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली अगदी असंच घडलं. तिथलं एक खासगी रेडिओथेरपी केंद्र दुसरीकडे हललं, पण कर्करोगावरच्या उपचारांचं एक यंत्र जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारतीतच राहिलं. १३ सप्टेंबरला दोघा जणांनी त्याचा मुख्य भाग भंगारात विकायला म्हणून उचलून नेला. त्याच दिवशी त्यांना उलट्या झाल्या. डॉक्टरांनी निदान केलं ते काहीतरी वावडं खाण्यात आल्याचं.

पुढे आतली कुपी फुटली आणि यंत्र भंगारवाल्याकडे पोचलं. रात्री त्याला कुपीतून निळसर उजेड येताना दिसला. त्याला ती वस्तू मौल्यवान वाटली, कदाचित चमत्कारिकही. त्याने ती घरात नेली, नातेवाइकांना आणि मित्रांना बोलावून दाखवली, आतले कण त्यांना वाटले. ते कण सीझियम-१३७चे होते. सीझियमचं हे संयुग मिठासारखं पाण्यात विरघळतं, हाताला चिकटतं, धुळीबरोबर पसरतं. त्याच्या भावाने थोडी पूड घरी नेली. भावाच्या सहा वर्षांच्या मुलीने ती हाताळली आणि त्याच हातांनी ती जेवली.

या साऱ्याचा छडा लागायला भंगारवाल्याची बायको कारणीभूत ठरली. आजूबाजूची इतकी माणसं एकदम आजारी कशी पडली, हा प्रश्न तिने विचारला आणि त्या यंत्राकडे बोट दाखवलं. २८ सप्टेंबरला ती यंत्राचे अवशेष पिशवीत घालून बसने आरोग्य कार्यालयात गेली. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने मापकाने तपासणी केली आणि शहर हादरलं. स्टेडियममध्ये सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सारी द्रव्य सापडलं. चौघांचा मृत्यू झाला. त्यात ती सहा वर्षांची मुलगी होती, भंगाराच्या दुकानात काम करणारे दोन तरुण होते आणि वेळेवर शंका घेणारी ती बाईही होती. घरं पाडावी लागली, माती खरवडून काढावी लागली. हा सगळा उत्पात घडवणारा सीझियमचा क्षार शंभर ग्रॅमसुद्धा नव्हता.

भंगार हातोड्याखाली गेलं तर बाधा एका वस्तीपुरती राहते. भट्टीत गेलं तर ती जगभर फिरते.

१९८३च्या डिसेंबरमध्ये मेक्सिकोतल्या सिउदाद ह्वारेस इथल्या एका उपचारयंत्राचं भंगार झालं. त्यातले कोबाल्ट-६०चे बारीक मणी, संख्येने सुमारे सहा हजार, पिकअप ट्रकमध्ये आणि भंगाराच्या आवारात सांडले. भंगाराबरोबर बरेचसे मणी पोलादाच्या भट्टीत गेले. त्या पोलादापासून बांधकामाच्या सळया आणि टेबलांचे पाय तयार झाले, काही माल अमेरिकेतही गेला. हे उघडकीला आलं निव्वळ योगायोगाने. जानेवारी १९८४मध्ये सळया घेऊन निघालेला एक ट्रक वाट चुकून लॉस अलामॉस इथल्या अणुप्रयोगशाळेपाशी गेला आणि तिथल्या किरणोत्सर्ग मापकाचा भोंगा वाजला. तोवर मेक्सिकोत त्या सळया वापरून घरं उभी राहिली होती. पुढे त्यातली शेकडो पाडावी लागली.

भट्टीत कोणतं द्रव्य गेलं यावर पुढचा प्रवास ठरतो. कोबाल्ट लोखंडासारखाच धातू असल्यामुळे तो वितळलेल्या पोलादात मिसळून जातो. सळई, पत्रा, बटण, जे काही घडेल त्यात तो कायमचा राहतो. सीझियम मात्र ६७१ अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे ते पोलादात न थांबता धुरातून आणि राखेतून बाहेर पडतं. मे १९९८मध्ये दक्षिण स्पेनमधल्या एका पोलाद कारखान्याच्या फाटकावरच्या मापकांना भंगारातला सीझियमचा स्रोत कळलाच नाही. तो वितळला. त्याचा अंश पुढे फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनीच्या हवेत सापडला.

महाराष्ट्राचं नावही या यादीत आहे. २००८च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने जाहीर केलं की तिथल्या शेकडो लिफ्टमध्ये बसवलेल्या बटणांच्या पोलादात कोबाल्ट-६० आहे. पोलाद भारतातून गेलं होतं. माग काढत तपास रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीतल्या एका ओतशाळेपर्यंत पोचला. तिथे आलेल्या भंगारात कुठला तरी किरणोत्सारी स्रोत होता. बटणं बनवणाऱ्या फ्रेंच कारखान्यातल्या तीस कामगारांपैकी वीस जणांना सर्वसामान्य माणसासाठी ठरवलेल्या वर्षाला एक मिलिसिव्हर्ट या मर्यादेपेक्षा जास्त मात्रा मिळाली होती. ती जीवघेणी नव्हती. पण फ्रान्समध्ये मोजणी झाली म्हणून तिथल्या कामगारांचं प्रकरण जगाला कळलं. इकडे ते भंगार उतरवणारे, फोडणारे, भट्टीत टाकणारे हात कुणाचे होते, त्यांना किती मात्रा मिळाली, याची चर्चा त्या मानाने झालीच नाही.

असे स्रोत फक्त रुग्णालयांत आणि विद्यापीठांत नसतात. पाइपचे जोड तपासायला इरिडियम-१९२ लागतं. सिमेंट, कागद, पोलादाच्या कारखान्यांत टाकीतली पातळी किंवा पत्र्याची जाडी मोजायला सीझियम आणि कोबाल्टचे छोटे स्रोत यंत्रांत बसवलेले असतात. कारखाना चालू असतो तोवर त्यांची नोंद असते, जबाबदार माणूस असतो. कारखाना बंद पडतो, माणसं पांगतात, कागद गहाळ होतात आणि शेवटी सगळं वजनावर विकलं जातं.

यंत्रांवर तीन पात्यांचं पिवळं चिन्ह असतं, पण अभ्यास नसलेल्या माणसाला ते पंख्याचं वाटलं तर त्याचा दोष नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७मध्ये तीव्र स्रोतांसाठी नवं चिन्ह आणलं: लाल रंगावर किरणं, कवटी आणि पळणारा माणूस. ते ठरवण्याआधी भारतासह अकरा देशांतल्या लोकांना दाखवून तपासलं गेलं. मात्र हे चिन्ह यंत्राच्या आत, स्रोताच्या जवळ लावायचं असतं. कवच फोडू लागलेल्या माणसासाठी ती शेवटची सूचना असते, पहिली नव्हे.

पहिली अडवणूक विकणाऱ्याच्या दारातच व्हायला हवी. आपल्याकडे २००४च्या विकिरण संरक्षण नियमांनुसार स्रोताची विल्हेवाट परवानगीशिवाय लावता येत नाही. वापर संपला की तो पुरवठादाराकडे किंवा अधिकृत साठवण केंद्राकडे परत जायला हवा. देशातल्या स्रोतांची नोंद आता नियामक मंडळाच्या 'ई-लोरा' या संगणक प्रणालीत ठेवली जाते. खरी अडचण आहे ती या नोंदी सुरू होण्याआधी आलेल्या, अडगळीत पडलेल्या यंत्रांची. प्रत्येक जुन्या महाविद्यालयाने, रुग्णालयाने, गिरणीने लिलावाची नोटीस काढण्यापूर्वी आपली अडगळीची खोली मापक घेऊन तपासली पाहिजे. बंद कारखान्याचा लिलाव करणाऱ्या बँकेनेही तसा दाखला मागितला पाहिजे.

दुसरी अडवणूक बाजारात हवी. मोठ्या बंदरांवर आणि मोठ्या पोलाद कारखान्यांच्या फाटकांवर मापक बसलेले असतात. पण कुर्ल्याच्या भंगार गोदामांत लोखंड पहिल्यांदा हाताने फोडलं जातं, आणि खरा धोका तिथेच असतो. हातात मावणारे मापक आज सहज मिळतात. व्यापारी संघटना आणि महापालिका यांनी मिळून अशा प्रत्येक बाजारात निदान काही मापक ठेवले, ते वापरणारी माणसं तयार केली आणि जड शिशाची वस्तू आली की फोडण्याआधी कुणाला फोन करायचा तो क्रमांक काट्याशेजारी रंगवला, तर मायापुरीत जे घडलं ते पहिल्याच दिवशी थांबू शकतं. याचा खर्च मजुरावर किंवा छोट्या भंगारवाल्यावर पडता कामा नये. स्रोत विकत घेतानाच त्याच्या परतीचे पैसे वेगळे ठेवून घ्यावेत आणि त्यातूनच ही व्यवस्था चालावी.