कॉलेजची फी, सरकारचा कायदा आणि आपली मुले

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा 25 रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून 3 लाख रुपयांची तरतूद मंजूर करून घेतली. आज जिला आपण 'भारत सरकारची शिष्यवृत्ती' म्हणतो, तिचे मूळ तेथे आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्र राज्याने 1960 साली त्या नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राने मात्र त्यासाठी 1990 साल उजाडू दिले. तेव्हा फी माफ होणे ही कोणाची मेहरबानी आहे, असे आमच्या विद्यार्थ्यांनी कधीही मानू नये.

1983 पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग व मेडिकल कॉलेजे निघाली आणि 'डोनेशन' हा शब्द घरोघरी गेला. त्याला आळा घालण्यासाठी राज्याने 1987 चा कॅपिटेशन फी प्रतिबंध कायदा केला. ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे मागणे हा त्याने गुन्हा ठरला. कायदा झाला, पण डोनेशन काही लगेच संपले नाही; पावती न देता घेतलेला पैसा सिद्ध कोण करणार? 1993 च्या उन्नीकृष्णन, 2002 च्या टी. एम. ए. पै आणि 2005 च्या इनामदार खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न पुन्हा पुन्हा हाताळला. अखेर राज्याने 2015 साली खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचे प्रवेश व शुल्क यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. त्यानुसार कॉलेजने आपला खर्च शुल्क नियामक प्राधिकरणापुढे मांडायचा आणि प्राधिकरण मान्य करील तेवढीच फी घ्यायची. अभिमत विद्यापीठे या कायद्याच्या कक्षेत नाहीत. जाहिरात पाहून तेथे धाव घेणाऱ्या पालकांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

आता आपल्यापुरते. 2024-25 साली अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास शिष्यवृत्ती, त्यावर असल्यास फ्रीशिप अशी व्यवस्था होती. मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. जुलै 2024 मध्ये सरकारने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या इतर मागास, एसईबीसी व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, ही गोष्ट स्वागतार्हच आहे.

कागदावर सारे ठीक, पण प्रत्यक्षात काय होते? आमच्याच विभागातील एक भगिनी चार घरची धुणीभांडी करतात. मुलाला कॅपमधून इंजिनिअरिंगची जागा मिळाली. कॉलेजने सांगितले, "आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ." त्यांनी मंगळसूत्र गहाण ठेवले. पैसे परत मिळाले ते मुलगा दुसऱ्या वर्षात गेल्यावर, तेही दोन तुकड्यांत. तोवर व्याज वाढतच होते. आमच्याकडे त्या आल्या तेव्हा फी भरून झाली होती. आधी आल्या असत्या तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार करता आली असती.

हा उशीर का होतो, तेही समजून घेतले पाहिजे. 2021 पासून शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के आहे. राज्याने आपला वाटा दिल्याखेरीज केंद्राचा सुटत नाही, आणि तो कॉलेजला न जाता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यातील फीची रक्कम विद्यार्थ्याने कॉलेजात भरायची असते. येथे थोडे आपल्याही घरचे बोलले पाहिजे. घरात आजारपण निघते, भाडे थकलेले असते, आणि खात्यावर आलेला पैसा दुसरीकडे जातो. मग कॉलेज हॉल तिकीट अडवते आणि मुलाकडे बोलायला तोंड उरत नाही.

तरी पालकांनी बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. जातीचा दाखला अकरावीतच काढावा आणि जात वैधतेचा अर्ज तेव्हाच द्यावा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो. बँक खाते विद्यार्थ्याच्या नावाचे व आधारशी जोडलेले हवे, नाहीतर महाडीबीटीवरील मंजूर अर्जाचे पैसेही अडकतात. कॉलेजने पैसे मागितल्यास मागणी लेखी घ्यावी व पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. मूळ कागदपत्रे तपासून झाली की परत मागून घ्यावीत. ती ठेवून घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 सालीच मनाई केली आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांनी स्वाधार योजनेचाही अर्ज करावा.

प्रवेशाच्या दिवसांत दर रविवारी बुद्धवंदनेनंतर आमचे कार्यकर्ते विहारात हे अर्ज भरून देतात. येताना कागदांच्या झेरॉक्स व मूळ प्रती दोन्ही आणाव्यात.