नंबरप्लेटवरचे ‘दादा’ आणि कॅमेरा

माथेरान रोडवर सुकापूरच्या बाजूला रहदारी न्याहाळत उभं राहिलं, की एखादी ‘दादा’ गाडी हमखास दिसते. नंबर असतो ४१४१. पण इंग्रजी चारच्या आकड्याला जरा बाक दिला, एकचा काना केला, की झाला ‘दादा’. आपण आकडाही वाचतो आणि रुबाबही. हीच गाडी कळंबोलीहून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला लागली, की तिची गाठ २०२४ पासून बसलेल्या कॅमेऱ्यांशी पडते. ते पाटी वाचून चलन काढतात. रुबाबाचं त्यांना सोयरसुतक नाही, पण असा वळणदार चार मात्र त्यांना चकवू शकतो.

यंत्राने आकृती ओळखायची कशी, हा प्रश्न जुनाच. १९५६ साली अमेरिकेत डार्टमथला जॉन मॅकार्थी आणि मंडळींनी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या नावाने संशोधनाचा घाट घातला. त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आर. नरसिंहन यांचा गट ‘टिफ्रॅक’ हा संगणक जुळवत होता. पुढे इलिनॉय विद्यापीठात नरसिंहन यांच्यापुढे बबल चेंबरचे फोटो आले: अणूंहूनही सूक्ष्म कणांच्या वाटा, बुडबुड्यांच्या रेघांनी उमटलेल्या. माणसांनी डोळे फोडून तपासायचे ते ढीग यंत्राकडे सोपवायचे होते. त्यांनी मांडलं, की चित्रालाही व्याकरण असतं. रेघ, टोक, सांधा हे घटक. ते कसे जोडले जातात, हा नियम. याच रीतीने ‘द’ सांगायचा तर वर शिरोरेषा, तिच्याखाली छोटा दांडा, मग वळसा, शेवटी शेपूट. मांडणी देखणी, पण पाटी रंगवणारा हे नियम कुठे पाळतो?

दुसरी वाट फ्रँक रोझेनब्लॅट यांची, १९५८ची. नियम सांगायचेच नाहीत. उदाहरणं दाखवायची आणि चुकलं की आतले आकडे थोडे हलवायचे. १९६९मध्ये मिन्स्की आणि पेपर्ट यांनी तिच्या मर्यादा दाखवल्या आणि ती बरीच वर्षं मागे पडली. २०१२मध्ये सुमारे १२ लाख चित्रांवर शिकलेल्या ‘अ‍ॅलेक्सनेट’ने चित्रं ओळखण्याची स्पर्धा मारली, तेव्हापासून हीच वाट हमरस्ता झाली.

जिंकली ती योग्यच. तरी नरसिंहन यांच्या पद्धतीची एक गोष्ट हातची गेली, याची मला रुखरुख वाटते. तिथे यंत्र चुकलं, तर कोणत्या रेघेवर घसरलं ते दाखवता येई. आजचं यंत्र चारला नऊ म्हणालं, तर कारण लाखो आकड्यांत विखुरलेलं असतं, आणि चुकीचं चलन आलेल्या गाडीमालकाच्या हाती राहतो तो नुसता फोटो.