अंगणातली जुनी येझदी पुन्हा चालू करायचीय? मग आधी किक मारू नका!

इन्स्टाग्रामवर हे रील तुम्ही नक्की पाहिलं असेल. सुरुवातीला गोठ्याच्या भिंतीला टेकलेली, पत्रा कुजलेली मोटारसायकल. मग भराभर पाने फिरतात, रंगाचा फवारा उडतो आणि तिसाव्या सेकंदाला तीच गाडी आरशासारखी चकाकत, धूर सोडत गल्लीबाहेर पडते. खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो, “दादा, किती खर्च आला?”

खरं तर आधी विचारायला हवं, “दादा, सुरुवात कुठून केली?” कारण वडिलांची किंवा मामांची जुनी गाडी घरच्या घरी उभी करायला निघालेले बरेच जण रंगापासून सुरुवात करतात आणि इंजिनापाशी येऊन अडकतात. मग चकचकीत टाकी माळ्यावर, इंजिन पोत्यात आणि मेकॅनिकचा फोन लागत नाही, अशी अवस्था होते.

उदाहरणासाठी आपण येझदी घेऊ. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची जावा. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या ‘आयडियल जावा’ कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरमध्ये ती बनवायला घेतली. पुढे जावा हे नाव जाऊन येझदी आलं. ते इराणमधल्या यझ्द शहरावरून घेतलेलं. 1996 मध्ये कारखान्याचं उत्पादन थांबलं. त्यामुळे आज जी मूळ येझदी तुमच्या हाताला लागेल, ती कमीत कमी पंचवीस-तीस वर्षांची असणार. (2022 मध्ये याच नावाने आलेल्या नव्या गाड्या वेगळ्या, त्या फोर-स्ट्रोक आहेत.)

अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि किक व गिअर मिळून एकच लिव्हर. उभा केला की किक, पुढे पाडला की गिअर. नवख्या माणसाला गंमत वाटते, पण शिकण्यासाठी ही गाडी फार चांगली. डोक्यावर व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. मुख्य हलणारे भाग म्हणजे पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. 1985 ते 1996 या काळातली यामाहा आरएक्स 100 असली, तरी पुढचं बरंचसं जसंच्या तसं लागू आहे.

पान्याआधी कागद

हे कंटाळवाणं आहे, म्हणूनच आधी सांगतो. आरसी कुणाच्या नावावर आहे? गाडी मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 भरावा लागतो. नियमाने ते तीन महिन्यांत व्हायला हवं, पण आपल्याकडे वीस वर्षं कुणी लक्ष दिलेलं नसतं. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तेही राहिलेलं असतं. आरटीओत जाऊन नोंद अजून जिवंत आहे की नाही, एवढं तरी गाडी खोलण्याआधी तपासा.

विकत घेत असाल तर चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसीशी ताडून पाहा. “कागद नंतर करून देतो” म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल, तर 2021 मध्ये आलेल्या केंद्राच्या नियमांप्रमाणे तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणायची असते. रोज चालवायची असेल, तर नेहमीचंच नूतनीकरण बरं.

किक का मारायची नाही?

दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीपाशी गेलं की पाय आपोआप किकवर जातो. थांबा. सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरलेला असतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात. जोर लावून किक मारली, तर रिंग तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरला उभा ओरखडा काढतो. जे काम नव्या रिंगांवर भागलं असतं, ते आता बोअरवर जातं. बोअर म्हणजे लेथवाल्याकडे सिलिंडर आतून मोठा करून मोठा पिस्टन बसवणं. हे 0.25 मिलिमीटरच्या टप्प्यांत करतात आणि सिलिंडरचा धातू काही अमर्याद नसतो. जुन्या गाडीचे दोन-तीन टप्पे आधीच्या मालकांनी वापरलेले असू शकतात. एक चुकीची किक म्हणजे त्यातला आणखी एक गेला.

म्हणून प्लग काढा, त्या भोकातून थोडं पातळ तेल किंवा डिझेल सोडा आणि दोन-चार दिवस विसरून जा. मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने हळूच फिरवून पाहा. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर आणखी तेल, आणखी दिवस. हातोडा नाही.

खोलायला लागलात की प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, वर चिठ्ठी लावून ठेवा. श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठीच जन्माला आलेत.

दहा पैशांचं दुखणं, इंजिनाच्या जिवावर

आता सगळ्यात महत्त्वाचं. येझदी पुन्हा उभी केलेल्या माणसाला विचारा, “चालते का?” उत्तर बहुतेक वेळा असं येतं, “चालते, पण गरम झाली की बंद पडते” किंवा “धूर फार मारते.” दोन्हींच्या मुळाशी बऱ्याचदा एकच गोष्ट असते, ती म्हणजे क्रँकच्या दोन बाजूंचे ऑइल सील.

टू-स्ट्रोक इंजिनाचा खालचा डबा, म्हणजे क्रँककेस, हा एक पंप आहे. पिस्टन वर जातो तेव्हा खाली पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये जातं. सायकलच्या पंपाचं वायसर गेलं की कितीही दांडा मारला तरी हवा भरत नाही, तसंच इथे. हा डबा हवाबंद राहिला तरच इंजिन नीट चालणार. क्रँकची टोकं डब्यातून बाहेर येतात तिथे रबराचे सील असतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते रबर वाळून कडक होतं.

येझदीच्या डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन तेलात फिरते. तिथला सील गेला की पंप गिअरचं तेलच ओढून घेतो. मग पांढऱ्या धुराचे लोट येतात आणि गिअरचं तेल गूढपणे कमी होत राहतं. उजव्या बाजूला डायनॅमो असतो, तिथे तेल नाही. तो सील गेला तर नुसती हवा आत येते. हे जास्त वाईट, कारण दिसत काहीच नाही. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे जळताना उष्णता वाढते. पिस्टन ॲल्युमिनिअमचा, भोवतीचा सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनिअम बिडापेक्षा बरंच जास्त फुगतं. मग घाटात चढावर पिस्टन सिलिंडरमध्ये आवळला जातो. यालाच आपण ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतो.

फोर-स्ट्रोक गाडीत सील गळला, तर बहुतेकदा जमिनीवर तेलाचा डाग पडतो. टू-स्ट्रोकमध्ये तोच दोष इंजिन खातो. म्हणून इंजिन उतरवलंच आहे, तर सील आणि बेअरिंग जुने ठेवायचे नाहीत, “चांगले दिसतायत” तरीही.

क्रँककेसचे दोन भाग वेगळे करताना फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथे पडलेल्या एका ओरखड्यातूनही हवा शिरते. पुलर वापरा. बेअरिंग बसवताना केस गरम करायची आणि बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं. केस फुगते, बेअरिंग आकसतं आणि ठोकाठोकी न करता ते आपल्या जागी जातं. (प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, मटारशेजारी ग्रीस दिसलं तर प्रकल्प तिथेच संपेल.)

बांधून झाल्यावर एक परीक्षा. कार्बोरेटरची आणि सायलेन्सरची तोंडं रबराने बंद करा, हाताच्या पंपाने पाच-सहा पीएसआय इतकाच दाब भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती. बाहेर किट मिळतं, पण जुनी ट्यूब, पंप आणि साधं गेज यांवरही जमतं. रीलमध्ये ही परीक्षा जवळजवळ कधीच दिसत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं.

टाकी, गंज आणि रंग

टाकीतला गंज काढायला घरातलं लिंबूसत्त्व चालतं. गरम पाण्यात विरघळवून टाकी भरा, एक-दोन दिवसांनी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि आत थोडं तेल फिरवा. वाळवायला उशीर केलात, तर तासाभरात पुन्हा तांबूस थर येतो. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंगचा विचारही नको. पेट्रोल काढून वर्षं झाली तरी आतली वाफ पेटते आणि टाकी फुटते. हे काम सरावलेल्या माणसाकडेच द्या.

ब्रेक ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

चेसिस सँडब्लास्टिंगला देताना नंबरावर जाड टेप लावलाय का, ते स्वतः बघा. वाळूच्या माऱ्याने तो पुसट झाला किंवा पावडर कोटिंगखाली बुजला, तर आरटीओत गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करताना नाकी नऊ येतील. लाखभर खर्चून सजवलेली गाडी कागदावर बेवारस.

क्रोमबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मूळ क्रोम सत्तर टक्के शाबूत असेल, तर घासूनपुसून तसंच ठेवावं. टाकीवर वडिलांच्या किल्ल्यांच्या जुडग्याने पडलेले ओरखडे पुन्हा विकत मिळत नाहीत.

दिवे लागत नाहीत? रंग खरवडा

जुन्या गाड्यांची वायरिंग 6 व्होल्टची, त्यामुळे हेडलाइट मिणमिणता असतो. ते गृहीत धरा. पण नव्याने बांधलेल्या गाडीत हॉर्न कुजबुजतो आणि इंडिकेटर अर्धवट लागतो, याचं कारण बहुतेकदा वायर नसून नवा रंग असतो. वीज परत येण्याची वाट चेसिसमधून आहे आणि पावडर कोटिंग वीज वाहू देत नाही. अर्थिंगचे बोल्ट जिथे बसतात, तिथला रंग धातू दिसेपर्यंत खरवडावा लागतो.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत आणि दिल्लीत करोल बागेत शोधले जातात. नवा ‘कॉपी’ माल आणि जुना वापरलेला मूळ माल असे दोन पर्याय समोर येतील. झिजणाऱ्या गोष्टी, म्हणजे क्लच प्लेट, केबल, चेन, नव्याच घ्या. मडगार्ड आणि बॅज मात्र जुने मूळ मिळाले तर सोडू नका.

आजचं पेट्रोल, कालचं इंजिन

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि वायसर मऊ करतं, आणि हवेतलं पाणी शोषतं. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडं पातळ पडतं. म्हणजे पुन्हा तीच उष्णता. म्हणून पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी घ्या, कार्बोरेटरचा जेट गरजेप्रमाणे एक नंबर मोठा करून पाहा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा.

येझदीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, आरएक्स 100 सारखा वेगळा पंप नाही. 1:25 म्हणजे लिटरला 40 मिलिलिटर. मापाचं झाकण गाडीतच ठेवा, अंदाजाने ओतू नका.

पहिल्यांदा सुरू झाली की भरपूर धूर येईल, बांधताना लावलेलं तेल जळतंय. दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं चार-पाचदा करून सिलिंडर हेडचे नट पुन्हा आवळा. पहिले काहीशे किलोमीटर सपाट रस्त्यावर, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, मागे कुणाला न बसवता. आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवा. इंजिनाचा आवाज अचानक जड झाला किंवा गाडी मागे ओढल्यासारखी वाटली, तर त्याच क्षणी क्लच दाबायचा. पिस्टन आवळला तरी मागचं चाक मोकळं फिरत राहतं आणि तुम्ही पडत नाही.