अंधारात सापडणारे बटण

हातबॅटरीचे बटण दाबताना माणसाला बहुधा ते दिसत नसते. मिक्सर, पंखा, मोबाइल ही सगळी यंत्रे डोळ्यांनी पाहून चालवली जातात. बॅटरीचे बटण मात्र बोटांनी चाचपून शोधावे लागते, तेही ओल्या हाताने, अर्धवट झोपेत किंवा घाईत. तिच्या रचनेचे बहुतेक नियम या एका अडचणीतून निघतात.

बदलापूरजवळच्या बारवी धरणाच्या परिसरात ही अडचण दर पावसाळ्यात येते. एमआयडीसीच्या या धरणाची उंची वाढवल्यापासून पाणी ७२.६० मीटरच्या पातळीला पोचले की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. त्यांना कोणाचा हात लागत नाही. त्यामुळे नदीकाठच्या गावांना आधीच सावध केले जाते. रात्री पाणी कुठवर चढले ते पाहायचे, गोठ्यातली गुरे सोडायची, इमारतीच्या तळमजल्यावरून गाडी हलवायची, तर बॅटरी हातात हवीच. कारण पुराच्या वेळी वीज खंडित होते किंवा खबरदारी म्हणून मुद्दाम बंद केली जाते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पावसात मोबाइलच्या उजेडावर विसंबता येत नाही. पडद्यावर थेंब पडले की तो बोटाला नीट दाद देत नाही.

पहिल्या पावसातले काम आणखी वेगळे. वलगणीचे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध चढून येणारे, मासे आणि शेताच्या बांधावरचे खेकडे पकडायला माणसे रात्री निघतात तेव्हा एका हातात पिशवी किंवा टोपले असते, दुसरा हात चिखलाने माखलेला. तिथे बॅटरी एकाच हाताने, एकाच अंगठ्याने चालली पाहिजे. म्हणूनच डोक्याला लावायच्या बॅटऱ्या आता गावोगाव दिसू लागल्या आहेत. त्यांचे बटण तर कपाळावर असते आणि ते पाहायची सोयच नसते.

हातबॅटरीचे एक सुरुवातीचे पेटंट १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मायसेल याला मिळाले. तेव्हाचे सेल आणि दिवे इतके कमकुवत होते की उजेड थोडा थोडा वेळच पाडता येई. पुढे सरकते बटण आले आणि पत्र्याच्या, दोन-तीन सेलांच्या बॅटऱ्यांमुळे ते घरोघरी पोचले. या बटणाचा मोठा गुण असा की ते पुढे आहे की मागे, यावरून बॅटरी चालू आहे की बंद, हे बोटाला कळते. सेल संपल्यामुळे उजेड पडला नाही तरी बटण कुठे आहे ते समजतेच. दोषही उघड आहेत. आतली पट्टी गंजते, सेलमधून पाझरलेले रसायन तिला खाते, आणि सरकण्यासाठी ठेवलेल्या फटीतून पाणी आत शिरते. पाण्यापासून जपायचे तर रबराच्या टोपीखालचे दाबायचे बटण जास्त सोयीचे. नव्या बॅटऱ्यांत म्हणूनच तेच दिसते.

गोंधळ सुरू झाला तो इथे. एलईडी आल्यावर एकाच बटणावर पाच कामे लादली गेली: एकदा दाबले की प्रखर, पुन्हा दाबले की मंद, मग लुकलुकणारा उजेड, मग संकटाचा संदेश आणि शेवटी बंद. म्हणजे बॅटरी नुसती बंद करायची तरी लुकलुकाट सोसावा लागतो. घरातल्या आजी पहिल्यांदा वैतागतात त्या इथेच, आणि त्यांचे काही चुकत नाही. लुकलुकणारा उजेड निरुपद्रवीही नाही. अपस्माराच्या काही रुग्णांना त्याने झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागातील वेगवान लाल-निळ्या लखलखाटामुळे सहाशेहून जास्त प्रेक्षकांना, त्यांत मुलेच जास्त, रुग्णालयात न्यावे लागले. रोजच्या वापराच्या बॅटरीत हा प्रकार नसावा. असलाच तर बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय लागू नये.

एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद, एवढाच नियम पाळला तरी निम्मे काम होते. उरतो प्रश्न उजेड किती असावा याचा. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि प्रखर झोत ती कमाई क्षणात घालवतो. रात्री न्हाणीघरापर्यंत जायला दोन-चार ल्यूमेन पुरतात. शेतात साप आहे का ते पाहायचे असेल तर मात्र पूर्ण उजेड लगेच हवा. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, म्हणून ‘मागचा उजेड लक्षात ठेवणारे’ बटण घरात फसवे ठरते. शेवटी कोणी काय ठेवले होते ते पुढच्याला ठाऊक नसते. बंद, मंद, प्रखर अशा तीन जागांचे बटण यापेक्षा सरस, कारण आपण कुठे आहोत ते बोटाला कळते.

चुकून चालू होणे हाही धोकाच आहे. प्रखर एलईडीचे तोंड चांगलेच तापते. पिशवीत कपड्यात दबलेली बॅटरी कापड भाजू शकते, शिवाय ऐन वेळी सेल संपलेले. बटण कडेपेक्षा थोडे खोल बसवले की हे बरेचसे टळते. काही बॅटऱ्यांत मागचे झाकण पाव फेरा सैल केले की विद्युतमंडल तुटते. प्रवासाला ही सोय उत्तम. बटणाभोवती रेडियमची पट्टी असेल तर ते अंधारात सापडते आणि सेलही खर्च होत नाही. लिथियम सेल संपत आला की बॅटरीने आधी मंद होऊन इशारा द्यावा. एकदम विझणारी बॅटरी नदीकाठी माणसाला अडचणीत आणते. मुलांच्या छोट्या बॅटरीत बटणसेल असेल तर त्याचे झाकण स्क्रूनेच बंद हवे, कारण गिळलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो.

सर्वांत जास्त काळजी चार्जिंगची. पिना बाहेर सरकवून थेट भिंतीत खोचायच्या अनेक स्वस्त बॅटऱ्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टची वीज नुसत्या कपॅसिटरमधून आत येते. बॅटरी भिंतीला असेपर्यंत आतले सगळे मंडल घरातल्या विजेला जोडलेले असते. कवच तडकले असेल किंवा हात ओला असेल तर झटका बसू शकतो, आणि काढल्यावरही पिनांवर क्षणभर वीज उरू शकते. अशी बॅटरी घरात असेल तर ती मुलांच्या हाताबाहेर चार्ज करावी, भिंतीत असताना तिचे बटण दाबू नये, काढल्यावर पिनांना बोट लावू नये. आणि नवी घेताना पाच व्होल्टच्या यूएसबीवर चालणारीच घ्यावी.